वेशीतून आत, डाव्या हाताला

लातूर, ३ जुलै २०२२

चि. रवी,

आशीर्वाद आधी घे, भांडण नंतर करू.

कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. मागच्या वेळी आपण दोघं एकदमच बोलत होतो, एकदमच चिडलो आणि फोनही बहुतेक एकदमच ठेवला. तेव्हापासून तुझा फोन नाही. माझाही नाही, म्हणजे फिटंफाट. पत्र वाचताना कुणाला मध्ये तोंड घालता येत नाही, एवढा एक गुण त्याच्यात आहे.

तुझं म्हणणं माझ्या डोक्यात शिरलंच नाही, असं समजू नकोस. आपली एकच वेबसाइट, 'हरणाळकर', आणि तिच्यात दोन संसार. एकीकडे लातुरात क्लासला येणाऱ्या मुलींसाठी मेस आणि खोल्या. दुसरीकडे भूकंपात पडलेलं आपलं जुनं हरणाळ, गल्लीगल्लीने मांडलेलं, प्रत्येक घराचं एक पान. तू म्हणतोस, मेस शोधणारी एखादी आई जरा खाली सरकते आणि तिला गेलेल्या माणसांची नावं दिसतात. ती घाबरून निघून जाते. गुगललाही कळत नाही आपण नक्की कोण आहोत. म्हणून दोन साइट करायच्या. एक मुलींच्या राहण्याजेवणाची, तिच्यात पुढे नांदेडही घ्यायचं. दुसरी गावाची. दोन्हींचं भलं होईल.

शहाण्यासारखं बोललास. तुझ्या गुगलला सांग, आम्ही कोण ते आम्हालाही धड कळत नाही, त्याने मनाला लावून घेऊ नये.

पण मला एक सांग, गावाच्या पानांवर येतं कोण? परक्या माणसाला त्यात काय? येतात त्या मेस चालवणाऱ्या आपल्याच बायका. नव्या गावात सरकारने रांगेत घरं दिली, जुना शेजार तुटला आणि त्यातल्या कितीतरी जणी पोटासाठी लातुरात आल्या. आता डॉक्टर होणाऱ्या पोरींना भाकरी करून घालतात. आपली नागम्मा परवा मेसच्या पानावर दोन कॉट रिकाम्या झाल्याचं लिहायला माझ्याकडे आली. ते लिहून झालं तरी फोन सोडेना. खाली सरकत सरकत स्वतःच्या गल्लीत गेली आणि म्हणाली, "वर्षे, लिही की, शेजारच्या हिरीचा रहाट लई कुरकुरायचा. त्येच्याच आवाजानं जाग यायची." मी लिहिलं. मेसचं काम नसतं तर ती त्या पानावर कशाला गेली असती? वेगळं काढलंस की ती पानं ओस पडतील. एकदा पडलंय ते गाव. पुन्हा आपल्या हातांनी नको.

बाकी ठीक. दहावी झालेल्या पोरी पेट्या घेऊन यायला लागल्या आहेत. नागम्माकडे हिमायतनगरची एक आली आहे, कहकशां नावाची. तिला पोहोचायला जरा उशीर झाला. हुशार दिसते.

सिंधुमामीला नमस्कार सांग.

तुझी अक्का


लातूर, १२ जुलै

चि. रवी,

तुझा मेसेज मिळाला. "आता तरी पटलं का?" एवढंच. खाली नाव नाही, नमस्कार नाही. मामीने हेच शिकवलं का तुला?

म्हणजे कहकशांच्या वडिलांनी साइटवर लिहिलेली तक्रार तू वाचलीस. मी 'जरा उशीर' लिहून वेळ मारून नेली होती. ते काही चाललं नाही. तर ऐक सगळं.

तुला माहीत आहे, कुणाही हरणाळकराला पत्ता विचारा, तो जुन्या गावातला सांगतो. आता राहतो त्या जागेला तो 'कॉलनी' म्हणतो आणि विषय संपवतो. त्या खोडीने आम्ही मेसच्या पानांवरही तसेच पत्ते लिहून ठेवले होते. नागम्माच्या पानावर होतं, 'वेशीतून आत, डाव्या हाताला, चिंचेच्या पुढचं दार.' लातूरचा पत्ता लिहावा हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही. ओळखीचे लोक फोन करून, विचारत विचारत येतातच.

निजामोद्दीनभाई गादीवाले आहेत, हिमायतनगरात त्यांचं दुकान आहे. त्यांनी नागम्माला फोन केला, जागा पक्की केली आणि म्हणाले, पत्ता पानावर हाय, येतो आमी. मग लेकीला, पेटीला आणि खास तिच्यासाठी भरलेल्या गादीला घेऊन ते निघाले. हरणाळ कुठे म्हणून विचारलं तर कंडक्टरने औशाचं तिकीट दिलं. औशाला जीपवाल्याने विचारलं, "नवं का जुनं?" भाईंनी मोबाइल पुढे धरला. जीपवाल्याने वाचलं आणि म्हणाला, हे तर जुनं. कुणाचा काय नवस असेल, असं त्याला वाटलं असावं. त्याने त्यांना वेशीपाशी सोडलं आणि तो गेला.

वेस उभी आहे अजून. ते आत गेले, डावीकडे वळले. चिंचही आहे. चिंचेच्या पुढे घाणेरीची झुडपं आणि दगड.

त्यांचा फोन आला तेव्हा मी नागम्माच्या स्वैंपाकघरात होते. ती भाकरी थापत होती म्हणून फोन स्पीकरवर लावला.

"बाई, आमी तुमच्या घरी येऊन थांबलोय. दार कुठं हाय?"

"माज्या घरी? कोन्त्या घरी?"

"चिंचेपाशी. वेशीतून आत, डाव्या हाताला. इथं तर कुनीच न्हाई."

नागम्माचे हात पिठातच राहिले. मला वाटलं, आता ही माफी मागेल, मग मी बोलेन. ती म्हणाली, "उंबरा हाय का वो भाऊ अजून?"

पलीकडून तो माणूस म्हणाला, "हाव, हाय की. पोरगी त्याच्यावरच बसलीय."

"बसू द्या," नागम्मा म्हणाली. "ऊन लागून न्हाई राहिलं न तिला?" आणि हमसून हमसून रडायला लागली. भूकंपानंतर तिच्या त्या घरी पाहुणा आला नव्हता रे कुणी.

मी गाडी करून त्यांना आणायला गेले. परतीच्या वाटेत भाईंनी मला सुनावल्याशिवाय सोडलं नाही, आणि बरोबरच केलं. "ताई, तरणी लेक घेऊन मी उजाड गावात बसून राहिलो. एखादं जनावर निघालं असतं, एखादा बेवडा आला असता, तर मी काय केलं असतं?" लातूर आल्यावर जरा निवळले. म्हणाले, "त्या बाईनं उंबऱ्याचं इचारलं ना, तवापासून मला नीट रागवता बी येईना. पन दुसऱ्याच्या लेकीवर ही पाळी नगं. म्हणून साइटवर लिहिनार. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

आता नागम्मा कहकशांला इतर पोरींपेक्षा एक धपाटं जास्त वाढते. कुणी विचारलं तर म्हणते, ही माज्या घरी जाऊन आलेली हाय.

तेव्हा पत्ता चुकला, मान्य. आमच्या खुळेपणाने एक बाप आणि लेक रानात जाऊन बसले, तेही मान्य. पत्ते दुरुस्त कर, सगळ्यांचे. साइट तोडू नकोस. 'वेगळं केलं की दोघांचं भलं होईल,' हे वाक्य मी आधी एकदा ऐकलेलं आहे. कुठे, ते विचारू नकोस.

अक्का


लातूर, ३१ जुलै

चि. रवी,

तू कागदावर लिहिशील असं वाटलं नव्हतं. अक्षर अगदी अप्पांचं आहे. कुणी शिकवलं नसताना तसंच तिरकं.

तू विचारलंस, "तुला साइट तोडायची नाही, की आणखी काही आहे?" आणि पुढे लिहिलंस, "मला ना गाव आठवत, ना घर. आपल्या घराच्या पानावर माझं नावही नाही. मी फक्त कोड लिहिणारा माणूस आहे." हे वाचून आधी राग आला. मग रडू आलं. मग पोरींची जेवणाची वेळ झाली, नागम्माला हात द्यायला जावं लागलं, म्हणून तेही अर्ध्यावर सोडलं. आता बसले आहे तर सांगते.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो आपण. अव्वा आणि अप्पा दोघंही गेलेले. मी अकरा वर्षांची आणि तू माझ्या मांडीवर, अजून बारसंही न झालेला. एका सकाळी आत्याकडचे आले, मामाकडचे आले. चहा झाला. मोठी माणसं बोलत बसली आणि ठरलं, मोठी लातूरला आत्याकडे, बाळ मुदखेडला मामाकडे. मी तुला घट्ट धरून ठेवलं तेव्हा कुणीतरी प्रेमाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालं, वेगळं केलं की दोघांचं भलं होईल. सगळी चांगली माणसं होती. कुणीही ओरडलं नाही. मामा तुला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले.

त्यानंतर तू दिसलास तो एका लग्नात. शाळेत जायला लागला होतास. मी हाक मारली तर मामीच्या पदराआड गेलास आणि तिला विचारलंस, "ही कोण हाय?"

तू नांदेडला कॉम्प्युटरचं शिकलास, दुकान टाकलंस, आणि एक दिवस आपणहून फोन करून म्हणालास, अक्का, तुझ्या त्या मेसवाल्या बायकांसाठी एक साइट करून देऊ का? मी हो म्हटलं. तेव्हा मला साइट म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. पण मग तुझे रोज फोन यायला लागले. या पानावर काय लिहू, ती गल्ली कुठून वळते, चिंच वेशीपासून किती लांब. मी एक घर सांगायची, तू एक पान करायचास. रवी, मला त्या साइटने गाव परत दिलं नाही. भाऊ दिला.

आता तू म्हणतोस दोन कर. दोन झाल्या की एक तुझी, एक माझी. मग तुझा फोन कशाला येईल?

हे आहे ते आणखी काही. लिहून टाकलं.

आणि पानावर तुझं नाव नाही असं नाही. 'अव्वा, अप्पा, वर्षाराणी, बाळ.' ते बाळ तू. त्या घरात तुला दुसरं नावच नव्हतं. आणखी एक गोष्ट, जी मी कधी कुणाला सांगितली नाही. भूकंपाच्या त्या पहाटे तू किरकिर करत होतास. अव्वा दमली होती, म्हणून मी तुला घेऊन अंगणात आले. तू रडला नसतास तर मीही आतच असते. तेव्हा 'फक्त कोड लिहिणारा' वगैरे मला पुन्हा ऐकवू नकोस.

पुढच्या आठवड्यात मुदखेडला जाते आहे. मामीला भेटायचं आहे. तुझी तक्रार करायला नाही.

अक्का


लातूर, २० ऑगस्ट

चि. रवी,

मामी बरी आहे. गुडघे दुखतात, पण स्टेशनपर्यंत मला सोडायला आलीच. गुरुपादप्पामामा गेल्यापासून घर मोठं वाटतं म्हणाली. तू दर रविवारी जातोस हे ऐकून बरं वाटलं.

मी तिला सरळच विचारलं. मामी, आम्हाला दोघांना वेगळं का केलंत? एकाच घरी दोघं राहिलो असतो तर कुणाला जड झालो असतो का? इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की आम्हाला सामानासारखं वाटून घेतलं.

मामी म्हणाली, "अगं, त्याला दूध कोन पाजनार होतं? तुज्या आत्याची लेकरं मोठी झालती. माजी तान्ही पोर दोन महिन्याची हुती. शेडमधी त्येनं दोन दिवसांपासून वरचं दूध वकून टाकलं हुतं. तू भाईर गेल्ती तवा मी जवळ घेतलं अन् प्याला. मग तितंच ठरलं."

मला कुणी सांगितलंच नव्हतं रे. अकरा वर्षांच्या पोरीला दुधाचं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असेल. आणि पुढे मी कधी विचारलं नाही.

मग ती म्हणाली, "येगळं केलं त्येचं मला वाईट वाटत न्हाई, वर्षा. त्यो जगला. पन नंतर जाऊ-येऊ दिलं न्हाई, ते चुकलं. तुजे मामा म्हनायचे, बहीन दिसली की पोरगं झुरंल. मी गप बसले. तेवढं चुकलं बग." तिने माझा हात धरला, तो स्टेशनवर गाडी येईपर्यंत सोडला नाही.

येताना गाडीत मी विचार करत होते. तर ऐक. साइट वेगळी कर.

हसू नकोस. खरंच म्हणते. मुलींच्या आईबापांना सरळ पत्ता मिळाला पाहिजे, कुणा निजामोद्दीनभाईंना पुन्हा रानात बसायची वेळ येऊ नये. ते पान आपल्या रडण्याने भरलेलं असेल तर ते आपलंच चुकतं. ती साइट नांदेडपर्यंत वाढव, आणखी कुठे नेशील तिथे ने. तिला जगायला जे लागतं ते गावाच्या पानांवर नाही. पण जाऊ-येऊ दे. नागम्माच्या मेसच्या पानावर अगदी खाली एक वाट ठेव, तिच्या घराकडे जाणारी. कॉट भरली का रिकामी हे लिहायला आली की तिला तिथूनच आपल्या गल्लीत जाता आलं पाहिजे. आणि तिकडून इकडे यायलाही.

दुसरं, गावाच्या प्रत्येक पानावर नावापुढे 'आता कुठे' असा एक रकाना घाल. कोण लातुरात, कोण कॉलनीत, कोण पुण्याला. म्हणजे कुणी चुकणार नाही. अव्वा-अप्पांच्या पुढे काय लिहायचं ते मला सुचत नाही. ते रिकामं राहू दे.

बाळाच्या पुढचं मी भरणार नाही. त्या पानाची किल्ली तुझ्याकडे आहे.

अक्का

ता. क. दोन साइट झाल्यावर फोन येणार नसेल तर आत्ताच सांग. म्हणजे मी बाकीचं शिव्यांचं पत्र वेगळं लिहीन.


लातूर, ११ सप्टेंबर

चि. रवी,

तुझा फोन आला तेव्हा नागम्मा शेजारीच होती, म्हणून मी नीट बोलले नाही. तुला वाटलं असेल अक्का कोरडी. तर अक्का अजिबात कोरडी नव्हती, पदर बघायला हवा होतास.

दोन्ही साइट पाहिल्या. मुलींची साइट चांगली झाली आहे, वर ठळक लातूरचा पत्ता, नकाशा, फोन. निजामोद्दीनभाईंनी पाहिली आणि नागम्माला फोन करून म्हणाले, आता कुनी बी येईल डोळे मिटून. नागम्माला मी खालची वाट दाखवली. तिने बोट लावलं, आपल्या गल्लीत पोहोचली आणि एवढी खूश झाली की पोरींच्या डाळीला फोडणीच द्यायची विसरली. तिच्या घराच्या पानावर खाली कुणीतरी लिहिलंय, 'या उंबऱ्यावर मी बसले होते. सावली चांगली आहे. कहकशां, हिमायतनगर.' मी नागम्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, राहू दे ते, पुसू नगं.

मग मी आपल्या घराचं पान उघडलं. लगेच नाही उघडलं. आधी चहा केला, भांडी घासली, ओटा पुसला.

अव्वा, पुढे रिकामं. अप्पा, पुढे रिकामं. वर्षाराणी, आता कुठे: लातूर. आणि त्याखाली तू लिहिलंयस:

'बाळ. आता नाव रविकिरण. आता कुठे: नांदेड. घर अजून पाहिलेलं नाही.'

किती वेळ ते वाचत बसले कोण जाणे. तू गावातल्या प्रत्येक घराचं पान केलंस, प्रत्येक गल्ली मला विचारून काढलीस, आणि तू तिथे कधी पाऊलही टाकलं नाहीस, हे मला माहीत होतं. पण ते असं लिहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मामांनी नेलं नाही, पुढे तू स्वतःहून गेला नाहीस, आणि मी चल म्हटलं नाही. तू नको म्हणशील अशी भीती वाटायची.

म्हणून आता विचारत नाही, सांगते. येत्या रविवारी मामीकडे जाऊ नकोस, मी तिला कळवलं आहे. सकाळची गाडी धर. लातूरला उतरू नकोस, सरळ औशाला ये. जीपवाला विचारेल, नवं का जुनं? जुनं म्हणून सांग.

वेशीतून आत ये, डाव्या हाताला. चिंचेच्या समोर, नागम्माच्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आपलं घर. दार नाही. उंबरा आहे. मी तिथे बसलेली असेन.

तुझी अक्का